पाळण्याला खिळा नको

"अजून अर्धा पेच, मामा. अर्धाच."

भिकामामांनी दोन्ही हातांनी शिकंज्याची दांडी धरली आणि खांदा लावला. दांडी हलली नाही. मामांचा उजवा खांदा मात्र हलला, कट्‌ असा आवाज झाला आणि दांडी हातातून सुटली. पुढच्याच क्षणी ग्लूमुळे निसरडी झालेली प्लाय फर्म्यावरून घसरली आणि सगळा डोलारा तिरका झाला. दीड तासाची मेहनत वाया गेली.

दारात लछूशेठ उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या फर्निचरच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो, तेव्हाची ही गोष्ट. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, आठ कारागीर आणि भुसा. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला. अंबरनाथच्या एका कंपनीत लागलो होतो. तिथे कॅन्टीनच्या चहाबद्दल आणि कंत्राटी कामगारांच्या हजेरीबद्दल दोन पत्रकं लिहिली आणि गेटवर वाटली. तिसरं लिहायच्या आत गेटबाहेर होतो. नंतर एमआयडीसीत कुठेही नाव सांगितलं की समोरचा माणूस फाईल मिटायचा. लछूशेठनी मात्र नाव ऐकून हसून विचारलं, "इथे पत्रक लिहिणार?" मी म्हणालो, "वेळ आली तर लिहीन." ते म्हणाले, "लिहा साईं. वाचणार कोण? मिस्त्री लोग का शेठ?" आणि नोकरी दिली. तेव्हापासून ते मला लीडर म्हणायचे.

काम होतं पाळण्यांचं. बदलापूरला कात्रपमध्ये एक डॉक्टरीणबाई प्रसूतिगृह काढत होत्या. त्यांना सहा पाळणे हवे होते. पाळण्याच्या दोन्ही बाजू होडीसारख्या बाहेर फुगलेल्या, आतून-बाहेरून सागाच्या विनिअरच्या. विनिअर म्हणजे लाकडाचा कागदाइतका पातळ पापुद्रा. बाईंनी एकच अट घातली होती आणि ती तीनदा सांगितली होती: "कुठेही खिळा नको. आधी काम करत होते तिथे पाळण्यातून वर आलेल्या बारीक खिळ्याने एका बाळाचा तळहात फाटलेला मी पाहिलाय. एक जरी खिळा दिसला तरी पाळणा परत."

ही अट साधी वाटते, पण सुतारकामात तिनेच सगळं अडतं. गोल बाजू करायची तर पातळ प्लायचे तीन थर आणि वर-खाली विनिअर, सगळ्यांना ग्लू लावून लाकडी फर्म्यावर, म्हणजे साच्यावर, वाकवायचं आणि ग्लू वाळेपर्यंत चार-पाच तास दाबून धरायचं. आमच्याकडची पद्धत अशी, की विनिअरवर चुका, म्हणजे बारीक खिळे, मारायच्या, वाळलं की काढायच्या आणि भोकं पुटीने बुजवायची. एखादी चूक आत तुटून राहतेच. ती टाळायची तर बावीस शिकंजे लावायचे. शिकंजा म्हणजे स्क्रूने आवळायची लोखंडी पकड. प्रत्येक शिकंजा सारख्या जोराने आवळला पाहिजे. एक सैल राहिला की तिथे विनिअर फुगतं, टपटप पोकळ वाजतं.

आणि आवळणारा खांदा छप्पन्न वर्षांचा होता.

लछूशेठ आत आले. आवाज न चढवता म्हणाले, "मिस्त्री, बस झालं. आता आराम करा. वॉचमन गावाला गेलाय, गेटवर बसा. खुर्ची देतो, पंखा देतो."

मामा हाताला लागलेला ग्लू फडक्याला पुसत राहिले. मी बोललो.

"तीस वर्षं खांदा तुमच्या शिकंज्यांना लावला, शेठ, आणि खांदा गेला की माणूस गेटवर? उद्या डोळे गेले की कुठे बसवणार?"

"लीडर, भाषण नको. पाळणे पाहिजेत. अक्षय तृतीयेला बाईंचं उद्घाटन आहे. तुझं भाषण विनिअर दाबणार का?"

"हवा दाबेल," मी म्हणालो.

खरं सांगतो, बोलून गेलो तेव्हा मला फक्त तत्त्व माहीत होतं. कॉलेजच्या वर्कशॉपच्या सरांनी एकदा फळ्यावर काढून दाखवलं होतं, तेवढंच. पण शेठ थांबले. त्यांना नवीन गोष्टीची हौस होती, हे मान्य करायलाच हवं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आठ दिवस. जमलं तर मिस्त्री मशीनवर. नाही जमलं तर मिस्त्री गेटवर, आणि तू गप्प."

व्हॅक्यूम प्रेस म्हणजे काय ते मामांना सांगताना मी आधी पत्रकाच्या भाषेत सांगितलं. वातावरण, दाब, प्रति चौरस सेंटीमीटर. मामा वांगणीकडच्या पाड्यावरचे. ते शांतपणे म्हणाले, "दादा, मराठीत सांग."

मग मी वाण्याच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी घेतली, मामांचा हात मनगटापर्यंत तिच्यात घातला, तोंडाशी मूठ आवळली आणि फटीतून तोंडाने हवा ओढून घेतली. पिशवी बोटांना चिकटली. बोटांच्या मधल्या खाचांतसुद्धा शिरली.

मामांनी हात फिरवून पाहिला. "कोण दाबतंय हे?"

"बाहेरची हवा. ती सारखी दाबतच असते. आतली हवाही तेवढीच ढकलते म्हणून आपल्याला कळत नाही. आतली काढली की बाहेरची एकटी उरते."

"सगळीकडून सारखीच दाबती रं."

"तेच तर. बावीस शिकंजे कशाला? आपल्या एका बाजूवर चार टनांहून जास्त वजन बसेल, आणि खांद्याला काही करावं लागणार नाही."

मामांनी पिशवीतली बोटं मिटून-उघडून पाहिली. मग म्हणाले, "फर्मा भरीव लागंल. पोकळ केला तर ही बया चेपून टाकंल." ही गोष्ट मला सुचली नव्हती.

जुळवाजुळव कॅम्पातच झाली. भंगारातून जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर आणला. फ्रीजचा कॉम्प्रेसर एका नळीतून गॅस खेचतो आणि दुसरीतून ढकलतो. आपण खेचणारी नळी वापरायची. ट्रकच्या हवेच्या ब्रेकची टाकी मिळाली. ती आधी रिकामी करून ठेवायची, म्हणजे थोडी हवा शिरली तरी दाब लगेच पडत नाही. मध्ये एक नॉन-रिटर्न वॉल्व्ह लावला, म्हणजे हवा एकाच दिशेने जाते, लाईट गेली तरी परत फिरत नाही. एक काट्याचं मीटर घेतलं. तीसपर्यंत आकडे होते. चोवीसच्या आसपास काटा गेला की आपलं काम झालं. मामांनी टेबल बांधलं. वर गुळगुळीत फळी, फळीला भोकं, खाली चार इंच उंचीची बंद पोकळ पेटी. पंप पेटीतली हवा खेचणार आणि पेटी भोकांतून वरची खेचणार. पेटीच्या सांध्यांत ग्लू, आणि बाहेरून रंगाचे तीन हात. टेबलावर फर्मा, त्यावर प्लाय-विनिअर, त्यावर हवेला वाट मिळावी म्हणून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, आणि सगळ्यांवर जाड पारदर्शक प्लास्टिक. प्लास्टिकच्या कडा लाकडी चौकटीने दाबायच्या. चौकटीखाली सायकलची ट्यूब कापून लावली होती.

मशीन उभं राहिलं तेव्हा मामांनी आपल्या हत्यारांच्या पेटीतून अगरबत्तीचा पुडा काढला.

इथे मी चुकलो. आज सहा वर्षांनी लिहितोय तर ते लिहायलाच हवं.

"मामा, हे विज्ञान आहे," मी म्हणालो. आठही कारागीर ऐकत होते, म्हणून जरा मोठ्यानेच म्हणालो. "हे पूजेवर चालत नाही. आणि प्लास्टिकजवळ निखारा आणाल तर भोक पडेल, सगळी मेहनत पाण्यात."

"लांबून ओवाळतो की."

"लांबून नाही, जवळून नाही. या शेडमध्ये या मशीनला अगरबत्ती लागणार नाही."

मामांनी पुडा परत पेटीत ठेवला. पुड्यावरचा कागद अजून फोडलेला नव्हता.

मंगळवारी साधी प्लाय घालून चाचणी घेतली. पंप घरघरला, प्लास्टिक आधी सुरकुतलं, मग एकदम ताठ झालं आणि फर्म्याला असं चिकटलं की मच्छरदाणीचं एकेक भोक दिसत होतं. काटा चोवीसवर गेला. पंप बंद केला. तीन तासांनी काटा बावीसवर. लछूशेठनी प्लास्टिकवर बोट दाबून पाहिलं. दगडासारखं लागलं. ते म्हणाले, "लाईट गेली तर?"

"गेली तर गेली. दोन तास हलणार नाही. माझी जबाबदारी."

ही वाक्यं मी फार सहज बोलायचो.

बुधवारी मी मशीनसाठी सूचना लिहिली. मशीन आहे तर सूचना हवी. जाड पुठ्ठ्यावर, लाल-काळ्या शाईने, मोठ्या अक्षरांत. पत्रकं लिहून हात बसलेला होता. समोरून येणाऱ्याला दिसावी म्हणून टेबलाच्या पुढच्या बाजूला लावली आणि शेडच्या दारापर्यंत मागे जाऊन पाहिलं. जरा तिरकी वाटली. काढून सरळ लावली.

गुरुवारी खरी बाजू घातली. विनिअर जपून वापरायचं होतं. एकाच ओंडक्याचे पापुद्रे, रेघा जुळणारे, बारा बाजूंना पुरतील आणि एक जास्तीची, एवढेच. म्हणून पहिल्या दिवशी एकच घातली. साडेबाराला काटा चोवीसवर गेला, पंप बंद केला. दहा मिनिटांत काटा वीसवर. परत चालू केला, परत चोवीस, परत दहा मिनिटांत वीस.

मामा पंपाशेजारी उकिडवे बसले होते. "दादा, हा आज सारखा धापा टाकतोय. मंगळवारी नव्हता टाकत."

"आज विनिअर आहे, ग्लू आहे. लोड वेगळा असतो."

"काय असतो?"

"लोड, मामा. टेक्निकल आहे."

टेक्निकल काही नव्हतं. मला कारण माहीत नव्हतं, एवढंच.

दोन वाजता लाईट गेली. काटा डोळ्यांदेखत उतरला. वीस, पंधरा, अकरा. टाकी, वॉल्व्ह, सगळं जागेवर होतं आणि काटा तरीही खाली येत होता. पाच. मग प्लास्टिकला सुरकुत्या पडल्या. आतून कागद फाटल्यासारखा आवाज आला. ओल्या ग्लूतून प्लायचा पहिला थर सरळ व्हायला लागला होता. वाकवलेलं लाकूड सोडलं की सरळच होतं. मामांनी दोन्ही तळहात प्लास्टिकवर ठेवले आणि अंगाचा भार टाकला. मग आणखी दोघे धावले. सहा हात. चार टनांसमोर सहा हात किती पुरणार? बाजू मधोमध उघडली, विनिअर उभं चिरलं.

जास्तीची बाजू गेली. आता बाराला बाराच.

लछूशेठ आले, चिरलेलं विनिअर बोटाने उचलून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या शुक्रवार, सुट्टी. शनिवारपासून मिस्त्री गेटवर. बाईंना मी सांगतो, चुका मारूनच मिळतील."

मी मामांकडे वळलो. अजूनही तो क्षण आठवला की कानशिलं तापतात.

"लावलीत ना अगरबत्ती? मी नसताना? पाडलंत ना भोक?"

मामांनी हत्यारांची पेटी उघडली, पुडा काढला आणि माझ्या हातात दिला. वरचा कागद तसाच होता.

मी पुडा परत दिला. माफी मागितली नाही. शुक्रवारभर बदलापुरात मांजर्लीतल्या माझ्या खोलीत बसून होतो. मनात शेठविरुद्ध, वीजमंडळाविरुद्ध, भंगारवाल्याविरुद्ध पत्रकं लिहीत होतो. सगळ्यांची नावं आली, एकाचं सोडून.

शनिवारी पोचलो तर गेटवर खुर्ची ठेवलेली. तिच्यावर मामांची हत्यारांची पेटी होती आणि मामा मात्र शेडच्या आत, मशीनपाशी. टेबलावर फर्मा नव्हता, नुसतंच प्लास्टिक ताणून बसवलं होतं.

"पंप चालू कर," ते म्हणाले. "आनी पंखा बंद."

"काय करताय?"

"धूर दाखवतो."

त्यांनी पुडा फोडला आणि एक अगरबत्ती पेटवली. मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "पूजा नाय करत. गप बघ."

मामा लग्नाआधी दोन वर्षं बारवीकडच्या जंगलात कोळशाच्या भट्टीवर होते, हे मला तेव्हा कळलं. लाकडं रचून वर मातीचं लिंपण करतात आणि आत धुमसत ठेवतात. लिंपणाला चीर गेली की आत हवा शिरते, कोळसा जळून राख होतो. चीर डोळ्यांना दिसत नाही. धूर सांगतो. "तिथं धूर बाहेर येतो," मामा म्हणाले, "हितं आत जाईल. येवढाच काय तो फरक."

पेटलेलं टोक प्लास्टिकपासून वीतभर लांब धरून ते कडेकडेने सरकले. चौकटीच्या चारी बाजू. धूर सरळ वर जात होता. नळीचा सांधा, वॉल्व्ह, टाकी. सरळ वर. मग ते वाकले आणि पेटीच्या कडेने निघाले. मागची बाजू, डावी बाजू. सगळे कारागीर काम सोडून गोळा झाले होते. लछूशेठही येऊन उभे राहिले.

पुढच्या बाजूला धूर वाकला. आधी थोडासा, मग दोऱ्यासारखा सरळ होऊन आडवा गेला आणि माझ्या सूचनेच्या पुठ्ठ्याच्या कडेखाली शिरला.

मामांनी पक्कड मागितली, चार खिळे उपटले आणि पुठ्ठा खाली घेतला. पेटीला आठ भोकं होती. चार आत्ता उपटलेल्या खिळ्यांची. चार त्यांच्या शेजारची, बुधवारी तिरकी दिसली म्हणून मी उपटलेल्या खिळ्यांची. एक-एक इंचाचे खिळे, अर्ध्या इंचाच्या प्लायमधून थेट पोकळीत. मी ते माझ्या हाताने ठोकले होते.

मामांनी पुठ्ठा माझ्यापुढे धरला. "मना वाचाया येत नाय. काय लिवलंय वाच."

"मामा..."

"मोठ्यानं वाच. सगळ्यांना कळू दे."

मी वाचलं. "सूचना. या यंत्रात हवा शिरू देऊ नये. हलगर्जीपणा करणाऱ्यावर जबाबदारी राहील."

 पहिले हसले ते लछूशेठ. "लीडर! पाळण्याला खिळा नको म्हणत होतो, तू मशीनलाच मारला!" मग सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते सागाच्या आठ बारीक खुंट्या तासायला बसले होते. खुंट्या ग्लूत बुडवून भोकांत ठोकल्या, वर लाख वितळवून लावली.

"मामा, चुकलो," मी म्हणालो. "गुरुवारी बोललो त्याचं."

"धर," म्हणाले आणि लाखेची वाटी माझ्या हातात दिली.

लाख निवल्यावर पंप लावला. चोवीस. बंद केला. आम्ही जेवलो, चहा झाला. बावीस. लछूशेठनी स्वतः जाऊन खुर्ची गेटवरून उचलली, आत आणली आणि पंपाशेजारी ठेवली. "मिस्त्री, मशीनवरपण बसूनच काम आहे ना? मग हीच खुर्ची."

रोज दोन प्रमाणे सहा दिवसांत बारा बाजू झाल्या. जास्तीची नव्हती, लागलीही नाही. लाईट तीनदा गेली. मामा खुर्चीत बसून काट्याकडे बघत राहायचे आणि आम्हाला सांगायचे, "काय नाय, झोपलाय शांत."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पाळणे कात्रपला पोचवले. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक पाळण्यातून आतून, बाहेरून, कडेने तळहात फिरवला. सहाही पाळणे तपासून झाले. मग त्यांनी विचारलं, "कोणत्या फॅक्टरीतून दाबून आणलंत?" शेठ म्हणाले, "फॅक्टरी नाही मॅडम. हा माझा मिस्त्री." शेठनी मामांना कुणासमोर असं पुढे केलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, तीस वर्षांत मामांनीही नाही. ते बदलापूरहून परतताना टेम्पोत एवढंच म्हणाले, "बाईंचा हात बघितलास? एकदाबी अडकला नाय."

मामा अजून त्याच मशीनवर आहेत. खांदा बरा झाला नाही, होणारही नाही. कॅम्पात अशा खांद्यांचे किती मिस्त्री गेटवर बसवले गेले आणि त्यांच्या खांद्यांचा विचार कुणी केला नाही, यावर मी नंतर एक पत्रक लिहिलं. ते लिहायलाच हवं होतं, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

रोज सकाळी पंप चालू करण्याआधी मामा पंखा बंद करतात, अगरबत्ती पेटवतात आणि वीतभर लांबून मशीनभोवती एक पूर्ण फेरी मारतात. ती पूजा आहे की तपासणी, मी विचारलेलं नाही.

ते पत्रक मी त्यांना आधी वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगलं लिवलंयस. कुठं लावणार?"

"शेडच्या दारावर."

"खळीनं लाव," मामा म्हणाले.

शेकडो पत्रकं मी भिंतींना खळीनेच लावली होती. गव्हाच्या पिठाची, पातळ, दोन बोटांनी पसरायची. टिकाऊ काम करावं म्हणून खिळे मारले ते त्या एका बुधवारी.